प्रश्नावली व मुलाखत : मानसशास्त्राचीं दोन साधनें

इतिहास-संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत मानसशास्त्रांतील प्रश्नावलींची चर्चा कशासाठीं, असें कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्यास उत्तर असें कीं, आपण ज्यांस अस्सल साधनें म्हणतों त्यांतील पुष्कळ कागद हे कोणीं तरी कोणास तरी विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. तकरीर, जबानी, महजर हे प्रकार तर उघडच तसे आहेत. पेशवाईनंतर कंपनी सरकारनें इनामदार व वतनदार यांजकडून मागविलेल्या कैफियती, अथवा आर्थर स्टील यानें शास्त्री व जातींचे प्रमुख यांजकडे चौकशी करून इ. स. १८२७ त प्रसिद्ध केलेला दक्षिणेंतील रूढींचा संग्रह, हींहि याच वर्गांत पडतात. असा कागद हातीं आला म्हणजे आपण त्याचें अक्षर, शिक्का, मिति व भाषा हीं कसोशीनें तपासतों. परंतु ज्या प्रश्नास तें उत्तर होतें तो प्रश्न काय होता, कोणत्या शब्दांत होता व विचारणारा कोण होता, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. मानसशास्त्रज्ञांनीं मात्र गेल्या दीडशें वर्षांत नेमका हाच विषय प्रयोगानें पारखून पाहिला आहे, आणि त्यांच्या हातीं जें लागलें तें आपल्याहि उपयोगाचें आहे. तें थोडक्यांत असें कीं, उत्तर हें केवळ उत्तरदात्याच्या मालकीचें नसतें. त्यांत प्रश्नाचा व पृच्छकाचा वांटा असतो. आणि तो वांटा केवढा, हें पुष्कळदां मोजतांहि येतें.

प्रथम दोन्ही साधनांचें स्वरूप सांगितलें पाहिजे. दगडाचें वजन तराजूनें कळतें, तापाचा अंश नळीनें कळतो. पण भय, श्रद्धा, आवड, स्मृति यांस बाहेरून लावण्यासारखें माप नाहीं. ज्याचें मन त्यासच विचारणें हा एक मार्ग उरतो. एकच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमानें अनेकांपुढें ठेवणें ही प्रश्नावली. एका मनुष्यासमोर बसून त्याच्या उत्तराप्रमाणें पुढचा प्रश्न वळवीत जाणें ही मुलाखत. पहिलींत तुलना सुकर होते, कारण सर्वांस एकच गोष्ट विचारलेली असते. पण ती सर्वांस एकच समजली कीं नाहीं, हें कळण्यास मार्ग नसतो. दुसरींत गैरसमज तेथल्या तेथें दूर करतां येतो. पण प्रत्येक मुलाखत निराळी होते, आणि विचारणाऱ्याची छाया तींत शिरते. एकीचा गुण तो दुसरीचा दोष, असा हा प्रकार आहे.

या साधनाचा एक जुना व मोठ्या योग्यतेचा प्रयोग आपल्या नगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोंचला होता, म्हणून त्याची हकीकत जरा विस्तारानें देतों. चार्ल्स डार्विन हा मनोविकार मुद्रेवर कसे उमटतात याचा अभ्यास करीत होता. राग, लाज, विस्मय, तिरस्कार यांचीं चिन्हें सर्व मानववंशांत एकच आहेत कीं शिक्षणानें व संगतीनें निरनिराळीं होतात, हें त्यास ठरवावयाचें होतें. इ. स. १८६७ त त्यानें प्रश्नांची एक यादी तयार करून दूरदूरच्या देशांतील मिशनरी, अधिकारी व प्रवासी यांजकडे धाडली. इ. स. १८७२ त प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत त्या यादींतील १६ प्रश्न दिलेले असून ३६ उत्तरें आल्याचें नमूद आहे. आठवणीवर विसंबून लिहूं नये, समक्ष पाहिलेलेंच लिहावें, अशी सूचनाहि त्यानें उत्तर देणारांस केली होती. ती सूचना आजच्या संशोधकानेंहि शिरीं धरावी अशीच आहे.

मुंबई इलाख्यांतून त्यास अर्स्किन नांवाच्या गृहस्थाचें उत्तर आलें. त्यानें अहमदनगर जिल्ह्यांतील लोकांचें काळजीपूर्वक निरीक्षण केलें. कानड्याचे न्यायाधीश वेस्ट यांजकडून माहिती मिळविली. कांहीं एतद्देशीय गृहस्थांसहि विचारलें. परंतु निश्चित अनुमान काढणें त्यास फार कठीण गेलें, आणि त्याचें कारण त्यानें कळविलें तें असें कीं, येथील लोक युरोपीय मनुष्यासमोर आपले मनोविकार झांकून ठेवतात. डार्विननें ही गोष्ट एक अडचण म्हणून नोंदविली आणि तो पुढें गेला. माझ्या मतें त्या सर्व पत्रव्यवहारांत याहून मोलाचें वाक्य नसेल. नगरची रयत साहेबासमोर निर्विकार उभी राहते, हें विधान नगरच्या रयतेविषयीं जितकें आहे तितकेंच साहेबाविषयीं आहे. हेंच निरीक्षण एखाद्या गांवच्या चावडींत बसलेल्या पाटलानें केलें असतें तर उत्तर निराळें आलें असतें, हें सांगण्यास मानसशास्त्रज्ञ नको.

दुसरा भाग अधिक मौजेचा आहे. होकारार्थीं मान वरखालीं हलवितात व नकारार्थीं आडवी हलवितात काय, असा यादींतील शेवटचा प्रश्न होता. अर्स्किननें चौकशी करून कळविलें कीं, हिंदुस्थानांत हीं चिन्हें एकसारखीं नाहींत; नकार दाखविण्यासाठीं बहुधा मान एकदम मागें व किंचित् एका बाजूस टाकून जिभेनें एक आवाज करतात. हा आवाज म्हणजे आपला ‘च्यक्’. मराठी घरांतील चार वर्षांच्या पोरास त्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. डार्विनला मात्र त्या आवाजाचें प्रयोजन काय असावें, याचा तर्क करतां आला नाहीं. लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, प्रश्नांत ‘च्यक्’ला जागाच नव्हती. उत्तर देणारानें प्रश्नाच्या चौकटीबाहेर चार ओळी जास्त लिहिल्या, म्हणून तो सांपडला. नुसत्या ‘होय’ व ‘नाहीं’ अशा दोन रकान्यांचा छापील फॉर्म असता, तर त्यावर ‘नाहीं’ अशी एक खूण पडली असती आणि ‘च्यक्’ कायमचा हरवला असता.

डार्विनच्या यादीवर मागाहून घेतलेला मुख्य आक्षेप असा कीं, तिच्यांतील बहुतेक प्रश्नांनीं उत्तर आपल्या पोटांतच बाळगलें होतें. विस्मयाच्या वेळीं डोळे, तोंड व भुंवया यांचें काय होतें, असें तीं विचारीत नव्हती; काय होतें तें सांगून, तसेंच होतें ना, एवढेंच ती विचारीत होती. अशा प्रश्नास ‘होय’ म्हणणें सोपें, आणि ‘नाहीं’ म्हणणारास विशेष धैर्य लागतें. न्यायाच्या कचेरींत यास सूचक प्रश्न म्हणतात. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें आपल्याच साक्षीदारास, प्रतिपक्षानें हरकत घेतली असतां, कोर्टाच्या परवानगीवांचून असा प्रश्न विचारण्यास मनाई केली होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या अधिनियमांतहि तो नियम राहिला आहे. कोर्टानें ओळखलेला धोका शास्त्रज्ञांच्या ध्यानांत यावयास बराच काळ लागला, ही थोडी नवलाची गोष्ट आहे.

डार्विनचा आप्त फ्रान्सिस गाल्टन यानें प्रश्नावलीस मानसशास्त्रांत खरें स्थान मिळवून दिलें. आज सकाळीं आपण ज्या मेजावर न्याहारी केली तें मेज मनांत आणा. चित्र उजळ आहे कीं अंधुक, रेषा स्पष्ट आहेत काय, रंग दिसतात काय, अशा आशयाचे त्याचे प्रश्न होते. १०० प्रौढ पुरुषांचीं व चार्टरहाउस शाळेंतील १७२ मुलांचीं उत्तरें जमवून त्यानें इ. स. १८८० त निबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाजलेला निष्कर्ष असा होता कीं, शास्त्रज्ञांच्या ठिकाणीं मानसिक चित्रें पाहण्याची शक्ति फार दुर्बळ असते. केवळ अमूर्त विचाराच्या संवयीनें ती क्षीण होते. पाठ्यपुस्तकांतून हा निष्कर्ष शंभर वर्षांहून अधिक काळ उद्धृत होत राहिला. इ. स. २००६ त ब्रूअर व शोमर-एकिन्स या दोघां अमेरिकन संशोधकांनीं गाल्टनच्या निबंधांतील उत्तरेंच पुन्हां वाचून पाहिलीं, व आजच्या शास्त्रज्ञांस तोच प्रश्न विचारून तुलनाहि केली. गाल्टनच्या स्वतःच्या पुराव्यानेंच त्याचा निष्कर्ष सिद्ध होत नाहीं, असें त्यांस आढळलें. आरंभीं कांहीं शास्त्रज्ञांशीं झालेल्या बोलण्यावरून त्याच्या मनानें जो ग्रह घेतला, तो पुढील कागदांनीं पुसला गेला नाहीं, असें त्यांचें अनुमान आहे.

यांत गाल्टनची नालस्ती करण्याचा हेतु नाहीं. उलट त्याचें एक मोठें श्रेय येथें उघड होतें. त्यानें प्रश्न छापले, आणि उत्तरेंहि पुष्कळशीं उत्तरदात्यांच्याच शब्दांत छापलीं. म्हणून १२६ वर्षांनीं त्याचें लिहिणें तपासतां आलें. नुसता निष्कर्ष छापला असता तर तो मान्य करणें किंवा अमान्य करणें एवढेंच आपल्या हातीं राहिलें असतें. मूळ कागद न देतां त्यावरून काढलेलें तात्पर्यच देणारे लेखक आपल्या क्षेत्रांतहि थोडे नाहींत.

अमेरिकेंत स्टॅन्ले हॉल यानें प्रश्नावलीचा प्रसार केला. शाळेंत नव्यानें येणाऱ्या बोस्टनच्या मुलांस कोणत्या वस्तु ठाऊक आहेत हें शिक्षिकांकरवीं विचारून त्यानें इ. स. १८८३ त जो लेख लिहिला तो आजहि वाचनीय आहे. शंभरांतील ८० मुलांस मधमाशांचें पोळें म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. पुढें मात्र कोणत्याहि विषयावर प्रश्नांचे ताव छापून ते देशभर वांटण्याचा प्रघात पडला, उत्तरें कोण लिहितो याची शुद्ध राहिली नाहीं, आणि या साधनाची अब्रू कांहीं काळ बरीच गेली.

तिची भरपाई दुसऱ्या दिशेनें झाली. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानें मुलांशीं दीर्घ संभाषण करण्याची पद्धति बसविली आणि इ. स. १९२६ तील आपल्या ग्रंथांत तिचें विवेचन केलें. उत्तर मिळालें म्हणजे काम झालें असें न मानतां, तें उत्तर कोणत्या जातीचें आहे हें त्यानें विचारलें. कांहीं उत्तरें मूल कंटाळून, सुचेल तें बोलून टाकतें. कांहीं गोष्ट रचण्याच्या हौसेनें देतें, आणि त्यावर त्याचा स्वतःचा विश्वास नसतो. कांहीं प्रश्नानेंच त्याच्या तोंडीं घातलेलीं असतात. कांहीं उत्तरें त्यानें पूर्वीं कधीं विचार केलेला नसतांहि, प्रश्न ऐकून, स्वतःच्या बुद्धीनें त्या क्षणीं शोधून काढलेलीं असतात. आणि फार थोडीं अशीं असतात कीं, प्रश्नापूर्वींच तीं त्याच्या मनांत तयार होतीं. सूर्याला कोण चालवितो, असें विचारलें कीं कोणी तरी चालविणारा आहे हें आपणच सांगून बसतों. मग मुलानें देवाचें अगर वाऱ्याचें नांव घेतलें तर तें त्याचें मत म्हणावयाचें कीं आपलें? म्हणून मुलें आपण होऊन जे प्रश्न विचारतात त्यांवरून आपले प्रश्न बेतावे, असा पियाजेचा आग्रह होता.

हें वर्गीकरण इतिहासाच्या अभ्यासकानें आपल्या टेबलावर लिहून ठेवण्यासारखें आहे. वृद्धांच्या तोंडून गांवाची, घराण्याची किंवा चळवळीची हकीकत उतरून घेणारे संशोधक आज पुष्कळ आहेत. ‘तुमचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या फौजेंत होते ना?’ असें विचारणारास होकार मिळण्यास वेळ लागत नाहीं. तो होकार पांचांपैकीं कोणत्या जातीचा, हें ठरविणें हें खरें काम.

पृच्छकाची छाया किती लांब पडते याचें एक जुनें उदाहरण स्टुअर्ट राइस यानें इ. स. १९२९ त प्रसिद्ध केलें. इ. स. १९१४ त न्यूयॉर्कमधील सुमारे २,००० निराश्रित पुरुषांच्या मुलाखती १२ अनुभवी पृच्छकांनीं घेतल्या होत्या. मनुष्य या दशेस कां आला, हा त्यांतील एक मुद्दा होता. पृच्छकांपैकीं एक दारूबंदीचा कट्टा पुरस्कर्ता होता व दुसरा समाजवादी होता. पहिल्यानें शेंकडा ६२ माणसांच्या दुर्दशेचें कारण दारू असें लिहिलें. दुसऱ्यानें तेंच कारण शेंकडा २२ माणसांस लाविलें, आणि बाकींच्यांपैकीं पुष्कळांचा दोष कारखान्यांच्या व मजुरीच्या परिस्थितीवर टाकला. येथवर पृच्छकाचा ग्रह त्याच्या लेखणींत उतरला एवढेंच झालें. परंतु राइसला असें दिसलें कीं, त्या निराश्रितांनीं आपल्या स्थितीचें जें कारण स्वतः सांगितलें, तेंहि ज्याच्या त्याच्या पृच्छकाकडे कललेलें होतें. कोणींहि जाणूनबुजून खोटें लिहिलें नव्हतें. भुकेलेला मनुष्य समोरच्याचा कल ओळखतो व त्यास रुचेल तें बोलतो. त्यास ढोंग म्हणणें फार सोपें आहे आणि बरेंचसें चुकीचें आहे.

शब्दांचा प्रभाव याहून सूक्ष्म असतो. इ. स. १९४१ त प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत, लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणें करूं द्यावीं काय, असें एका समूहास विचारलें, तेव्हां शेंकडा ६२ लोकांनीं ‘करूं देऊं नयेत’ असें सांगितलें. तशाच दुसऱ्या समूहास, अशा भाषणांस बंदी करावी काय, असें विचारलें, तर ‘बंदी करावी’ म्हणणारे ४६ च निघाले. ‘करूं न देणें’ व ‘बंदी करणें’ यांत व्यवहारांत फरक नाहीं. पण ‘बंदी’ हा शब्द कठोर आहे, आणि माणसें त्या कठोरपणापासून मागें सरली.

स्मृतीचीहि तीच कथा. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनीं इ. स. १९७४ त विद्यार्थ्यांस मोटारींच्या अपघाताचें चलच्चित्र दाखवून, गाड्या किती वेगानें जात होत्या हें विचारलें. कांहींस ‘एकमेकींस लागल्या तेव्हां’, कांहींस ‘आदळून चुराडा झाला तेव्हां’ अशा निरनिराळ्या क्रियापदांनीं तोच प्रश्न केला. सौम्य क्रियापदास सरासरी उत्तर ताशीं सुमारे ३२ मैल आलें, कठोर क्रियापदास ४० मैलांहून अधिक. दुसऱ्या प्रयोगांत एका आठवड्यानें, फुटलेली कांच दिसली काय, असें विचारलें. चित्रांत कांच फुटलेली नव्हतीच. कठोर प्रश्न ऐकलेल्या ५० पैकीं १६ जणांनीं ती ‘पाहिली’ होती. साधा प्रश्न ऐकलेल्या ५० पैकीं ७ जणांनीं, आणि वेगाविषयीं कांहींच न विचारलेल्या ५० पैकीं ६ जणांनीं. म्हणजे प्रश्न हा स्मृतीचें नुसतें दार उघडत नाहीं. आंत कांहीं ठेवूनहि येतो. समकालीन साक्षीदार, म्हणून विश्वसनीय, असा जो आपला सरसकट नियम आहे तो यापुढें थोडा हात राखून वापरावा लागेल.

बोलणें आणि करणें यांतील अंतराविषयीं रिचर्ड लापिएर याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका तरुण चिनी दांपत्यासह तो अमेरिकेंत दहा हजार मैल फिरला. त्या वेळीं तेथें चिनी लोकांविषयीं तीव्र द्वेष होता. तरी २५१ हॉटेलें व खाणावळी यांपैकीं एकाच ठिकाणीं त्यांस नकार मिळाला. सहा महिन्यांनीं त्यानें त्याच ठिकाणीं प्रश्नावली धाडून, आपण चिनी ग्राहकांस जागा द्याल काय, असें विचारलें. १२८ उत्तरें आलीं, व त्यांतील शेंकडा ९० हून अधिक ‘नाहीं’ अशीं होतीं. इ. स. १९३४ त छापलेल्या या लेखाचा आधार घेऊन प्रश्नावली निरुपयोगी असें म्हणणारे निघाले. पण तें अनुमान घाईचें आहे. दारांत स्वागत करणारा नोकर व पत्रास उत्तर देणारा मालक हे एकच होते, असें कांहीं नाहीं. शिवाय सुंदर पोषाखांतील हंसतमुख जोडपें समोर उभें राहणें आणि कागदावर ‘चिनी’ हा शब्द वाचणें, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वर्तनें खरीं. प्रश्न फक्त दुसऱ्याविषयीं बोलूं शकत होता.

ज्यांचीं उत्तरें आलींच नाहींत त्यांचें काय, हा प्रश्न राहतो. इ. स. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकींत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारे १ कोटि पत्रें धाडलीं, २३ लाखांहून अधिक उत्तरें मोजलीं, आणि लँडन विजयी होणार असें भविष्य वर्तविलें. रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ संस्थानांत निवडून आला. पत्यांच्या याद्या टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्या सुखवस्तु लोकांच्या होत्या हें एक कारण. परंतु उत्तर पाठविणारे लोक न पाठविणाऱ्यांहून मुळांतच निराळ्या मताचे होते, हें कारणहि तितकेंच, किंबहुना अधिक, महत्त्वाचें ठरलें आहे. उत्तरांच्या संख्येनें हा दोष झांकत नाहीं.

या बाबतींत आपल्या जुन्या महजरांची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. निवाड्याच्या आरंभींच हाजिर मजालस म्हणून कोण कोण बसले होते त्यांचीं नांवें व हुद्दे येतात. मग वादी-प्रतिवादींच्या तकरिरी, मग निवाडा. कोणासमोर बोललें गेलें हें ज्यांत नाहीं असा महजर अपुरा समजावा. मानसशास्त्रांतील कित्येक आधुनिक निबंधांत आंकड्यांचीं पानेंच्या पानें असतात. पण पृच्छक कोण होते, स्त्रिया कीं पुरुष, कोणत्या जातीचे, कोणत्या भाषेचे, हें सांपडत नाहीं.

परदेशी प्रश्नावलींचीं मराठी भाषांतरें वापरण्याचा प्रघात आतां सर्रास आहे, म्हणून भाषेविषयीं लिहिणें अवश्य आहे. इंग्रजींत सर्वांस एकच मध्यमपुरुषी सर्वनाम पुरतें. मराठींत तूं, तुम्ही व आपण यांतून एक निवडल्यावांचून प्रश्नच करतां येत नाहीं. आणि तें निवडतांच पृच्छक वरचा कीं बरोबरीचा, घरचा कीं परका, हें ठरून जातें. नातीस ‘तूं’ म्हणणारी आजी ज्या मोकळेपणानें उत्तर मिळवील, तें ‘आपण’ म्हणणाऱ्या छापील कागदास मिळणार नाहीं. आणि कागदानें ‘तूं’ म्हटलें तर वयस्क मनुष्य तो बाजूस ठेवील. शब्दांचेंहि तसेंच. मनाची अस्वस्थता मोजणाऱ्या प्रश्नावलींत ‘काळजी’ हा शब्द सहज येतो. परंतु काळजी म्हणजे चिंता, आणि काळजी म्हणजे आस्थेनें सांभाळणेंहि. ‘तुम्हांला मुलांची काळजी वाटते का?’ या प्रश्नास कोणती आई ‘नाहीं’ म्हणेल? तिच्या होकारास चिंतेचा एक गुण देऊन बेरीज केली, तर त्या बेरजेंत आजार किती व माया किती हें सांगतां येणार नाहीं. भाषांतर एकानें करावें, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानें तें पुन्हां मूळ भाषेंत आणावें, आणि दोन्ही ताडून पाहावीं, हा उपाय आतां रूढ आहे. पण ‘काळजी’सारखा शब्द त्या चाळणींतूनहि निसटतो, कारण परत जातांना तो सरळ चिंतेचा अर्थ घेऊन जातो. तो सांपडावयाचा तर प्रश्न छापण्यापूर्वीं पांचदहा बायांस समोर बसवून, हा प्रश्न तुम्हांस काय विचारतो आहे असें वाटतें, एवढेंच विचारावें लागतें. आणि त्यांनीं जें सांगितलें तें मूळ मराठी प्रश्नासह निबंधाच्या शेवटीं छापावें लागतें.